पाऊस, पीक आणि बालकाचा हक्क

सूरह यासीन आपल्या घराघरांत वाचली जाते. आजाऱ्याच्या उशाशी, अखेरच्या घटकेला, पहाटेच्या तिलावतीत तिचे पठण होत असते. परंतु तिच्यातील एका आयतीपाशी (३६:४७) आपण क्वचितच थांबतो. सत्य नाकारणाऱ्यांचा एक युक्तिवाद तेथे नोंदवलेला आहे. अल्लाहने दिलेल्या रोजीतून खर्च करा असे सांगितले की ते श्रद्धावंतांनाच उलट विचारत की, अल्लाहने मनात आणले असते तर ज्यांना त्यानेच खाऊ घातले असते, अशांना आम्ही का खाऊ घालावे? वरवर पाहता हे बोलणे मोठे धार्मिक वाटते. त्यात अल्लाहचे नाव आहे, त्याच्या इच्छेचा स्वीकार आहे, तकदीरीचा आदरही आहे. तरीही पवित्र कुरआनने हे बोलणे ईमानाच्या नव्हे, तर इन्काराच्या खात्यात जमा केले आहे.

असे का, हा या लेखाचा विषय आहे. कारण हाच युक्तिवाद आज नव्या वेषात आपल्या तोंडी येतो. पाऊस पडला नाही, अल्लाहची मर्जी. पीक करपले, नशीब. मूल अशक्त राहिले, ज्याची त्याची रोजी. पाऊस अल्लाहच्या हाती आहे यात तिळमात्र शंका नाही. परंतु आभाळातून न पडलेला पाऊस आणि बालकाच्या ताटातून नाहीसा झालेला घास यांच्या दरम्यान माणसांची एक लांबलचक साखळी असते. गेल्या काही वर्षांत अर्थशास्त्रज्ञांनी या साखळीची एकेक कडी मोजली आहे. हा हिशेब दीनच्या प्रकाशात कसा वाचावा, याचा विचार आपण करू.

संशोधन काय सांगते?

पहिली कडी उष्णता आणि पीक यांच्यातील नात्याची आहे. वोल्फ्राम श्लेंकर आणि मायकेल रॉबर्ट्स या दोन अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेतील १९५० ते २००५ या काळातील जिल्हावार पीकनोंदी आणि रोजचे तापमान यांचा मेळ घालून २००९ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. उष्णता वाढत गेली की काही मर्यादेपर्यंत पिकाचा उतारा थोडाथोडा वाढतो. परंतु मक्यासाठी २९, सोयाबीनसाठी ३० आणि कापसासाठी ३२ अंश सेल्सिअस ही मर्यादा ओलांडताच तो झपाट्याने कोसळतो, असे त्यांना आढळले. चढण मंद आणि उतरण कडेलोटाची. हे आकडे अमेरिकेच्या मातीतले आहेत. विदर्भ-मराठवाड्याच्या जमिनीला ते जसेच्या तसे लागू करता येणार नाहीत. परंतु सोयाबीन आणि कापूस ही आपलीच पिके आहेत, आणि मर्यादेनंतरच्या कडेलोटाचा अर्थ आपल्या शेतकऱ्याला समजावून सांगण्याची गरज नाही. २०२२ चा मार्च महिना भारतातील १२२ वर्षांच्या नोंदींत सर्वांत उष्ण ठरला. उत्तर भारतात गव्हाचा दाणा भरण्याच्या वेळीच ही झळ लागली आणि १३ मे २०२२ रोजी केंद्र सरकारला गव्हाची निर्यात थांबवावी लागली.

दुसरी कडी धान्याच्या कसाची आहे. सॅम्युअल मायर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये दाखवून दिले की, हवेतील कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण या शतकाच्या मध्याला अपेक्षित असलेल्या पातळीइतके वाढवून गहू पिकवला, तर दाण्यातील जस्त सुमारे ९ टक्के, लोह ५ टक्के आणि प्रथिने ६ टक्के घटतात. तांदळाचीही थोडीफार हीच गत होते. याचा अर्थ असा की, पोते तेवढेच भरेल, भाकरी तेवढीच मोठी दिसेल, पण तिच्यातील सत्त्व उणे झालेले असेल. ज्याच्या ताटात डाळ, दूध, अंडी, मांस आणि भाजी आहे त्याला ही तूट जाणवणार नाही. जो केवळ धान्यावर जगतो, त्याचे मूल ती भोगील.

तिसरी कडी सर्वांत हृदयद्रावक आहे, आणि ती जगातील सर्वाधिक मुस्लिम लोकसंख्येच्या देशातली आहे. शॅरन मॅकिनी आणि डीन यांग या अर्थशास्त्रज्ञांनी इंडोनेशियाच्या ग्रामीण भागात १९५३ ते १९७४ या काळात जन्मलेल्या स्त्री-पुरुषांचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांनी प्रत्येकाच्या जन्माच्या वर्षी, त्याच्या जन्मस्थळी किती पाऊस झाला होता ते पाहिले आणि त्याची तुलना तेथील नेहमीच्या पावसाशी केली. अमुक साली पाऊस कमी व्हावा की जास्त, हे कोणाही आईबापाच्या हाती नसते. म्हणून एकाच भागात वेगवेगळ्या वर्षी जन्मलेल्यांच्या आयुष्यात जो फरक दिसतो, तो पावसाचा आणि पावसामुळे आलेल्या पिकाचा मानता येतो. निष्कर्ष असा निघाला की, ज्या मुलींच्या जन्माच्या वर्षी पाऊस नेहमीपेक्षा २० टक्के अधिक झाला होता, त्या प्रौढपणी सरासरीने अर्ध्या सेंटिमीटरहून थोड्या अधिक उंच झाल्या, थोडे अधिक शिकल्या, त्यांच्या घरी संपत्ती अधिक होती आणि प्रकृती वाईट असल्याचे सांगणाऱ्या त्यांच्यात कमी होत्या. तिशी-चाळिशीतल्या स्त्रीच्या शरीरावर आणि संसारावर तिच्या पाळण्यातल्या वर्षाच्या पावसाची मोहोर उमटलेली होती.

आणि पुरुषांचे काय? त्यांच्यावर असा परिणाम आढळला नाही. ज्या आभाळाखाली मुलगी जन्मली, त्याच आभाळाखाली मुलगाही जन्मला. पाऊस दोघांनाही सारखाच उणा पडला. मग तुटीचा भार एकटीच्याच अंगावर का आला? संशोधकांच्या मते घरात टंचाई आली की मुलाचे पोषण सांभाळले जाते आणि काटछाट मुलीच्या वाट्याला येते. आभाळ भेद करीत नाही. भेद ताट वाढणारा हात करतो.

आपल्या घरातील चित्र

हे दूरदेशीचे आहे असे म्हणून सुटका नाही. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार भारतातील पाच वर्षांखालील ३५.५ टक्के बालकांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली होती आणि १९.३ टक्के बालके उंचीच्या मानाने फार कृश होती. महाराष्ट्र हे देशातील धनाढ्य राज्यांपैकी एक. तरीही येथे उंची खुंटलेल्यांचे प्रमाण ३५.२ टक्के, म्हणजे देशाइतकेच होते. आणि कृश बालकांचे प्रमाण तर २५.६ टक्के, म्हणजे देशाहूनही अधिक होते. रक्तक्षय असलेली लहान मुले राज्यात ६८.९ टक्के होती. संपन्नता आणि कुपोषण एकाच छपराखाली नांदू शकतात, हे या आकड्यांतून दिसते.

सीमा जयचंद्रन आणि रोहिणी पांडे या अर्थशास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये भारतातील आणि आफ्रिकेतील लाखाहून अधिक बालकांच्या उंचीची तुलना केली. भारतातील पहिले अपत्य आफ्रिकेतील पहिल्या अपत्याच्या मागे नव्हते. दुसऱ्या अपत्यापासून अंतर पडू लागते आणि पुढच्या प्रत्येक अपत्यागणिक ते वाढत जाते. थोरल्या मुलाविषयीचा विशेष ओढा हे त्याचे एक मोठे कारण असल्याचे त्यांनी दाखवले. म्हणजे शेतात काय पिकले याइतकाच घरात ते कसे वाटले, हाही प्रश्न आहे.

रोजीचे आश्वासन आणि वाटपाची अमानत

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. पृथ्वीवरील प्रत्येक जीवाची रोजी अल्लाहने आपल्या जिम्म्यावर घेतली असल्याचे सूरह हूद (११:६) सांगते. मग बालक उपाशी का? या प्रश्नाची दोन चुकीची उत्तरे दिली जातात. नास्तिक म्हणतो की, म्हणून रोजी देणारा कोणी नाही. आळशी श्रद्धावंत म्हणतो की, म्हणून उपासमार हीच अल्लाहची वाटणी आहे. एक निर्मात्याला नाकारतो, दुसरा माणसाच्या जबाबदारीला. आणि बालक मात्र दोघांच्याही दारी उपाशीच राहते.

कुरआनचे उत्तर तिसरे आहे. अल्लाह रोजी देतो, परंतु एकाची रोजी तो दुसऱ्याच्या हाती अमानत म्हणून ठेवतो. म्हणूनच संपन्नांच्या मालात मागणाऱ्याचा आणि वंचिताचा ठरावीक हक्क असल्याचे सूरह मआरिजमध्ये (७०:२४-२५) सांगितले आहे. तेथे उपकार नव्हे, हक्क म्हटले आहे. ज्याचा हक्क दुसऱ्याने दाबून ठेवला, त्याला अल्लाहने रोजी दिलीच नाही असे कसे म्हणता येईल? रोजी आली, ती वाटेत अडवली गेली. सूरह यासीनमधील इन्कार करणाऱ्यांचा खोटेपणा नेमका येथे उघडा पडतो. अल्लाहने खाऊ घातले असते असे ते म्हणत होते, तेव्हा अल्लाहने त्या गरिबासाठी पाठवलेला घास त्यांच्याच कोठारात पडून होता.

अमर्त्य सेन यांनी १९८१ मध्ये दुष्काळांविषयी जी मांडणी केली, ती अर्थशास्त्राच्या भाषेत याच सत्याच्या जवळ जाते. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात लाखो माणसे मेली. परंतु त्या वर्षी प्रांतातील अन्नसाठा १९४१ पेक्षा कमी नव्हता, असे त्यांनी दाखवले. अन्न होते, ते मिळवण्याची ऐपत मजुराच्या, मासेमाराच्या, कारागिराच्या हातून निसटली होती. याउलट आपल्या महाराष्ट्राचे उदाहरण घ्या. १९७२ चा दुष्काळ जुन्याजाणत्यांना आजही आठवतो. पीक बुडाले, विहिरी आटल्या, मिलो आणि सुकडीवर लोकांनी दिवस काढले. परंतु दुष्काळी कामांवर ऐन भरात सुमारे ५० लाख माणसांना रोजगार दिला गेला आणि बंगालसारखा नरसंहार टळला. याच अनुभवातून रोजगार हमी योजना बळकट झाली. पाऊस दोन्हीकडे माणसाच्या हाती नव्हता. परिणाम मात्र माणसाच्या करणीने वेगळा झाला.

न कळत केलेल्या हानीचा हिशेब

येथवर वाटपाची गोष्ट झाली. परंतु आजच्या काळात एक नवा आणि अधिक बिकट प्रश्न उभा राहिला आहे. ऊन-पावसाच्या चक्रातच माणसाच्या हातून ढवळाढवळ होऊ लागली आहे. कोळसा, तेल आणि वायू जाळल्यामुळे पृथ्वीचे तापमान वाढत आहे, याविषयी वैज्ञानिकांत आता दुमत नाही. जमिनीवर आणि समुद्रात माणसांच्या हातांच्या कमाईमुळे बिघाड माजल्याचे सूरह रूम (३०:४१) सांगते. आणि त्याचा हेतूही सांगते की, माणसांनी आपल्या काही कृत्यांची चव चाखावी आणि परत फिरावे.

अडचण अशी की, ही चव चाखतो तो कृत्य करणारा नव्हे. नायजर हा आफ्रिकेतील मुस्लिमबहुल देश पाहा. तेथील माणूस वर्षाला सरासरीने टनाचा जेमतेम दहावा हिस्सा एवढाच कार्बन डायऑक्साइड हवेत सोडतो. भारतीय माणूस सुमारे दोन टन. अमेरिकेतील माणूस १४ टनांच्या आसपास. आणि आपण केवळ पाश्चिमात्यांकडे बोट दाखवू नये. दरडोई उत्सर्जनात जगात सर्वांत वरच्या रांगेत कतार, कुवेत, संयुक्त अरब अमिराती हे आपल्याच उम्मतीतील देश आहेत. नायजरमधील पाच वर्षांखालील ४० टक्क्यांहून अधिक बालकांची वाढ खुंटलेली आहे. त्यांच्या बाजरीच्या शेताला झळ लावणाऱ्या धुरात त्यांचा स्वतःचा वाटा नगण्य आहे.

येथे विचारी माणूस आक्षेप घेईल की, मोटार चालवणाऱ्याने, दिवा लावणाऱ्याने कोणाचे मूल उपाशी ठेवण्याची नियत तर केली नव्हती! आणि कृत्ये नियतीवर अवलंबून असतात, हे तर आदरणीय पैगंबर मुहम्मद (स.) यांनीच शिकवले आहे. हा आक्षेप हलका नाही. त्याचे उत्तर आपल्या फुकहांनी शतकांपूर्वीच घडवलेल्या तत्त्वांत शोधता येते. पुढील मांडणी हा फतवा नव्हे. विचारासाठी समोर ठेवलेली तुलना आहे.

फिकहमध्ये पाप आणि भरपाई या दोन गोष्टी वेगळ्या मानल्या आहेत. चुकून एखाद्याच्या हातून माणूस मेला, तर खुनाचे पाप त्याच्या माथी नाही. परंतु सूरह निसा (४:९२) त्याच्यावर प्रायश्चित्त आणि वारसांना द्यावयाची दियत बंधनकारक करते. नियत नव्हती, तरी हानी झाली; आणि हानी झालेल्याचा हक्क नियतीच्या अभावाने बुडत नाही. शिवाय ही दियत एकट्या गुन्हेगारावर न टाकता त्याच्या आकिलावर, म्हणजे आप्तसमूहावर, सामूहिक रीतीने आणि हप्त्याहप्त्याने टाकली गेली. ज्यांच्या आधाराने माणूस जगतो, त्यांनी त्याच्या चुकीचा भारही वाटून घ्यावा, हे त्यामागचे तत्त्व आहे.

दुसरे तत्त्व अप्रत्यक्ष कारणाचे आहे. हनफी फुकहांनी विहिरीचे उदाहरण दिले आहे. एखाद्याने आपल्या मालकीच्या जागेत विहीर खणली आणि कोणी तिच्यात पडला, तर खणणाऱ्यावर भरपाई नाही. परंतु त्याने सार्वजनिक रस्त्यात, अधिकार नसताना खड्डा खणला आणि वाटसरू पडला, तर तो जबाबदार ठरतो. त्याने कोणाला ढकलले नाही. तरी जी वाट सर्वांची होती, तिच्यात त्याने मर्यादा ओलांडली. आता विचार करा, हवा कोणाच्या मालकीची आहे? तिच्याइतका सार्वजनिक रस्ता दुसरा कोणता? आपण आपल्या अंगणात धूर करतो असे आपल्याला वाटते. वास्तविक आपण सर्वांच्या वाटेत खणत असतो.

तिसरी गोष्ट ज्ञानाची. वाटेत खड्डा आहे हे ज्याला ठाऊक नव्हते आणि ज्याला ठाऊक आहे, ते दोघे सारखे नाहीत. शंभर वर्षांपूर्वी कोळसा जाळणाऱ्या गिरणीमालकाला इंडोनेशियातल्या पाळण्याची कल्पना नव्हती. आज आपल्याला ती आहे. अर्थशास्त्रज्ञाच्या संशोधनाचे नैतिक मोल येथेच आहे. तो एक प्रकारे साक्षीदार आहे. पाऊस, उतारा, वजन, उंची यांच्या कोरड्या आकड्यांतून तो अशा बालकाची साक्ष देतो, ज्याला स्वतःची साक्ष देता येत नाही. आणि साक्ष ऐकल्यानंतर अजाणतेपणाची सबब उरत नाही. न कळत झालेल्या चुकीपासून जाणूनबुजून केलेल्या अतिक्रमणापर्यंतचे अंतर एका माहितीचे असते.

उरला शेवटचा आक्षेप की, माझा वाटा एवढासा आहे. माझ्याने काय बिघडणार? याचे उत्तर ह. नोमान बिन बशीर (रजि.) यांनी कथन केलेल्या, बुखारीतील नौकेच्या हदीसमध्ये आहे. नौकेच्या तळमजल्यावरच्या लोकांना पाण्यासाठी वर जावे लागे. वरच्यांना त्रास नको म्हणून त्यांनी आपल्याच हिश्श्यात छिद्र पाडण्याचे ठरवले. पैगंबर (स.) यांनी समजावले की, इतरांनी त्यांना करू दिले तर सगळे बुडतील, हात धरला तर सगळे वाचतील. माझा हिस्सा हा शब्द नौकेत फसवा असतो. येथे एक गोष्ट मात्र निक्षून सांगितली पाहिजे. सर्वांची जबाबदारी असली तरी ती सर्वांची सारखी नाही. अल्लाह कोणावरही त्याच्या कुवतीपलीकडे भार टाकत नाही (२:२८६). चुलीत काटक्या जाळणाऱ्या विधवेला आणि खासगी विमानाने फिरणाऱ्या धनिकाला एकाच तराजूत तोलणे हा न्याय नव्हे. जी राष्ट्रे या धुरावर श्रीमंत झाली, त्यांनी भरपाई देणे हा दानधर्म नसून देणे आहे. २०२२ मध्ये इजिप्तच्या शर्म अल-शेख येथील जागतिक हवामान परिषदेत हानिग्रस्त देशांसाठी निधी उभारण्याचे मान्य झाले आणि २०२३ मध्ये दुबईच्या परिषदेत तो कार्यान्वित करण्याचा निर्णय झाला. दोन्ही निर्णय मुस्लिम भूमीवर झाले. ते कागदावर राहू नयेत यासाठी आवाज उठवणे हेही साक्ष देण्याचाच भाग आहे.

दोन आदर्श

दुष्काळाशी कसे वागावे याचे दोन थोर आदर्श आपल्यासमोर आहेत. पहिला हजरत यूसुफ (अलै.) यांचा. सात वर्षे पीक आणि सात वर्षे टंचाई येणार, हे अल्लाहने दिलेल्या ज्ञानाने त्यांना कळले. त्यांनी केवळ दुआ सांगून निरोप दिला नाही. धान्य कणसातच राखून ठेवा, खाण्यापुरतेच काढा, अशी तजवीज सांगितली (१२:४७-४८) आणि कोठारांची जबाबदारी स्वतः मागून घेतली. त्यासाठी त्यांनी आपले दोन गुण सांगितले: आपण राखणारे आहोत आणि जाणणारे आहोत (१२:५५). अमानतदारी आणि ज्ञान, दोन्ही. ज्ञानाविना अमानतदारी असली तर धान्य किडते. अमानतदारीविना ज्ञान असले तर धान्य चोरीला जाते.

दुसरा आदर्श ह. उमर (रजि.) यांचा. हिजरी १८ मध्ये हिजाजमध्ये भीषण दुष्काळ पडला. वारा राखेसारखी धूळ उडवी, म्हणून इतिहासात ते राखेचे वर्ष म्हणून ओळखले जाते. ह. उमर (रजि.) यांनी इस्तिस्काची नमाज अदा केली, अल्लाहपुढे रडले, आणि त्याच वेळी इजिप्त व सीरियाच्या अधिकाऱ्यांना अन्न पाठवण्याचे आदेशही धाडले. त्या वर्षीची जकात वसुली पुढे ढकलली. सामान्य लोकांना मिळेपर्यंत त्यांनी स्वतः तूप आणि मांस वर्ज्य केले. तेल खाऊन त्यांचा वर्ण पालटला. दुआ आणि तजवीज यांत त्यांना विरोध दिसला नाही.

त्यांचीच आणखी एक घटना बालपोषणाच्या दृष्टीने फार मोलाची आहे. बैतुलमालमधून बालकाला भत्ता मिळे, पण दूध तुटल्यानंतर. एका रात्री गस्तीवर असताना त्यांना एका बाळाचे रडणे थांबेना असे दिसले. चौकशी करता कळले की, भत्ता लवकर सुरू व्हावा म्हणून आई त्याचे दूध वेळेआधीच तोडत होती. ह. उमर (रजि.) हादरले. मुसलमानांची किती बाळे आपल्यामुळे दगावली असतील, या विचाराने फजरच्या नमाजेत रडू आवरेना. सकाळी त्यांनी दवंडी पिटवली की, दूध तोडण्याची घाई करू नका. यापुढे प्रत्येक बालकाला जन्मापासूनच भत्ता मिळेल. ध्यानात घ्या, त्यांनी त्या आईला दोष दिला नाही. नियमाची नियत चांगली होती, पण परिणाम बालकाच्या पोटावर झाला; परिणाम कळताच नियम बदलला. न कळत केलेल्या हानीची जबाबदारी कशी घ्यावी, याचा याहून स्वच्छ धडा सापडणे कठीण.

आपल्या उंबरठ्याच्या आत

जागतिक परिषदांवर आपला अधिकार चालत नाही. घरातील ताटावर चालतो. म्हणून सुरुवात तेथून व्हावी.

मातांनी पूर्ण दोन वर्षे स्तनपान करावे आणि त्या काळात आईच्या अन्नवस्त्राचा भार पित्याने रीतीप्रमाणे उचलावा, असे सूरह बकरा (२:२३३) सांगते. आहारतज्ज्ञ गर्भधारणेपासून दोन वर्षांपर्यंतच्या सुमारे हजार दिवसांना बालकाच्या घडणीचा पाया मानतात. या काळात आईचे पोषण म्हणजेच बाळाचे पोषण. तरीही आपल्या कित्येक घरांत सर्वांचे जेवण आटोपल्यावर उरलेसुरले खाणारी व्यक्ती तीच असते. गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या स्त्रीला स्वतःस वा बाळास अपायाची रास्त भीती असेल, तर शरीयतने रोजे पुढे ढकलण्याची सवलत दिली आहे. सासूबाईंनी, नणंदांनी अशा सुनेला टोमणा मारू नये. अल्लाहने दिलेली सवलत घेणे हीदेखील त्याचीच आज्ञा मानणे आहे.

मुलगा आणि मुलगी यांच्या ताटात भेद नको. ह. नोमान (रजि.) यांच्या वडिलांनी एकाच मुलाला देणगी देऊन पैगंबर (स.) यांना साक्षी राहण्यास विनवले, तेव्हा आपल्या मुलांमध्ये न्याय करण्याची ताकीद देऊन त्यांनी साक्ष देण्यास नकार दिला. देणगीत न्याय हवा, तर दुधाच्या पेल्यात, अंड्यात, मांसाच्या तुकड्यात नको काय? जिवंत पुरलेल्या मुलीला कोणत्या अपराधासाठी मारले असे विचारले जाईल, असे सूरह तकवीर (८१:८-९) बजावते. अरबस्तानातील ती प्रथा संपली. परंतु टंचाईच्या वर्षी मुलीच्या ताटातून घास काढून घेणे हे त्याच वाटेवरचे पाऊल आहे. मुलींचे नीट संगोपन करणाऱ्याला पैगंबर (स.) यांनी आपल्या सान्निध्याची शुभवार्ता दिली आहे.

वलीम्यात, अकीक्यात उष्ट्या पत्रावळींचे ढीग पडतात. त्या अन्नामागे पाणी, खत, डिझेल आणि कोणाचा तरी घाम असतो. पिकाचा हक्क कापणीच्या दिवशी द्या आणि उधळपट्टी करू नका, या दोन आज्ञा सूरह अनआमने (६:१४१) एकाच आयतीत दिल्या आहेत, हे लक्षात घेण्याजोगे आहे. उधळपट्टी आणि दुसऱ्याचा हक्क बुडणे ही एकाच नाण्याची दोन अंगे आहेत.

आपल्या मोहल्ल्यांच्या जकात समित्यांनी किराणा-साहित्याच्या पिशव्यांत धान्याबरोबर डाळ, शेंगदाणे, गूळ, अंडी यांचाही विचार करावा. कारण धान्याचा कस उणावतो आहे. अंगणवाडीतील वजन-उंचीच्या नोंदीकडे आपल्या भगिनींनी दुर्लक्ष करू नये. ज्या वस्तीत अंगणवाडी नाही, तेथे ती मागावी. मस्जिदीच्या छतावर सौरऊर्जा, वजूच्या पाण्याचा पुनर्वापर, कब्रस्तानात सावलीची झाडे, ही कामेही सदकाच आहेत. आपण लावलेल्या झाडाचे फळ पक्ष्याने, जनावराने वा माणसाने खाल्ले तरी ते सदका ठरते, असे पैगंबर (स.) यांनी सांगितले आहे. आणि शेजाऱ्याच्या बाबतीत त्यांनी धर्माची अट घातलेली नाही. शेजारी उपाशी असताना पोटभर जेवणारा ईमानवाला नव्हे, या इशाऱ्यातील शेजारी कोणत्याही जातीधर्माचा असू शकतो. आदिवासी पाड्यावरचे बालक, ऊसतोड मजुराच्या कोपीतले बालक, हेही आपल्याच शेजारचे आहे.

पाऊस मागणे हे दुबळ्याचे काम नाही, बंद्याचे काम आहे. इस्तिस्काची नमाज आपण अदा करू, हात पसरू. परंतु ज्या हातांनी पाऊस मागतो त्याच हातांनी ताट वाढतो, मत देतो, इंजिन सुरू करतो, जकात मोजतो, हे विसरू नये. कयामतीच्या दिवशी आपल्याला पावसाचा जाब विचारला जाणार नाही. तो आपल्या हाती नव्हता. जाब विचारला जाईल तो पावसानंतरचा. सूरह यासीनमधील त्या आयतीत दोन गट समोरासमोर उभे आहेत: एक खर्च करण्यास सांगणारा, दुसरा अल्लाहच्या नावाने हात आखडणारा. आपण कोणत्या गटात आहोत, हे आपल्या पठणावरून नव्हे, आपल्या दारच्या बालकाच्या प्रकृतीवरून ठरेल.

हे अल्लाह, आमच्या भूमीवर कल्याणकारी पाऊस पाड, आमच्या धान्यात बरकत दे, आणि ज्यांचा घास तू आमच्या हाती अमानत ठेवला आहेस, त्यांच्यापर्यंत तो पोचवण्याची सद्बुद्धी आणि हिंमत आम्हाला दे. आमीन.